मेरिदातल्या ‘त्या जनरल’बद्दल, तुमच्या २ स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, आमच्या मेक्सिको टूरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. चिचेन इत्झा आवडलं, पण मेरिदात (युकातान राज्यातलं शहर) आम्ही दीड तास "कुठल्यातरी आल्वारादो जनरलची आरती" ओवाळली, चर्च बंद करणाऱ्या हुकूमशहाला हीरो केलं आणि शॉपिंगचा टाइम खाल्ला, असं तुमचं म्हणणं.

उन्हाचं आधी मान्य. दुपारी १ वाजता पेओन कोन्त्रेरास थिएटरबाहेर उभं करून इतिहास सांगणं हा आमचाच गाढवपणा, आता तो वॉक सकाळी ८ ला ठेवलाय.

पण आरती नव्हती हो. साल्वादोर आल्वारादो मूळचा औषधाच्या दुकानातला माणूस, उत्तरेकडच्या सोनोरात याकी या आदिवासी लोकांच्या गावात वाढलेला, आणि त्याच याकींना तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष दियास याच्या सरकारने धरून धरून युकातानला हेनेकेनच्या मळ्यांवर धाडलं होतं (हेनेकेन म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचा भाऊच, मी पान हातात दिलं आणि तुम्हाला काटा लागला, तेच ते). मळ्यावरच्या माया मजुराच्या डोक्यावर मालकाचं कर्ज, ते फिटायचंच नाही म्हणून मळा सुटायचा नाही. हे बंद करायचा हुकूम १९१४ लाच निघाला होता, पण नुसता कागदावर. मार्च १९१५ मध्ये आल्वारादो मेक्सिकन क्रांतीतला नेता कारान्सा याची फौज घेऊन मेरिदात घुसला, गव्हर्नर झाला आणि हुकूम खरोखर राबवला.

त्याच थिएटरात जानेवारी १९१६ ला त्याने बायकांची परिषद भरवली, ६०० च्या वर बायका, बहुतेक शिक्षिका, तिथे स्त्रीवादी लेखिका एर्मिला गालिन्दोचा निबंध वाचला गेला (ती स्वतः आलीच नव्हती), त्यात बायकांनाही लैंगिक इच्छा असते असं सरळ लिहिलेलं, मग काय, सभेत हा गदारोळ! हा किस्सा चालू होता तेव्हा तुम्ही समोर सावलीत फोनवर होतात, राग नाही, ऊनच तसं होतं.

आता हुकूमशहा. निवडून आलेला नव्हता, चर्च बंद केली, दारूबंदी लादली, हेनेकेनचा भाव सरकारी कमिशनमार्फत चढवला आणि त्यातला बराच पैसा कारान्साच्या लढाईला गेला, हे सगळं गाईडने सांगितलंय, बाकीच्यांना विचारा. १९२४ च्या बंडात मारला गेला तेही.

शॉपिंगचं मात्र पटलं नाही सर. लुकास दे गाल्वेस मार्केटला पावणेदोन तास दिले होते, आणि दोन झोपाळे खांद्यावर टाकून बसमध्ये सगळ्यात शेवटी तुम्हीच चढलात.