‘ओके’ म्हणजे ‘शून्य ठार’ नव्हे

‘ओके’ हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धात जन्मला, एकही सैनिक ठार झाला नाही त्या दिवशी छावणीच्या फलकावर ‘झीरो किल्ड’ या अर्थी ही खूण लिहीत, आणि म्हणून आनंदाच्या बातमीला ‘ओके’ असे उत्तर देणे अशुभ आहे, असे सांगणारा संदेश बराच काळ फिरतो आहे. माझ्या भाचीने तो शाळेतील भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, तेव्हा त्याला उत्तर देणे भाग पडले.

यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले, तर ‘ओ.के.’ ही अक्षरे २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’ या खुलाशासह छापलेली आहेत. जे युद्ध सुरू व्हायला अजून २२ वर्षे होती, त्यातील मृतांची मोजदाद या अक्षरांनी कशी केली असेल, एवढा साधा प्रश्नही संदेश पुढे पाठवणाऱ्यांना पडू नये, याचा संताप येतो. ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकातील लेखांतून या शब्दाचा माग जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे काढला आहे. शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची टूम त्या काळी बॉस्टनच्या वृत्तपत्रांत होती. ‘ऑल’ ओ-पासून आणि ‘करेक्ट’ के-पासून लिहिले की ‘ओ.के.’ होई, तसेच ‘ऑल राइट’चे ‘ओ.डब्ल्यू.’ होई. इतर आद्याक्षरे विरून गेली. ‘ओ.के.’ मात्र १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत गाजले, कारण मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना किंडरहुक या त्यांच्या गावावरून ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत आणि त्यांच्या समर्थकांनी ‘ओ.के. क्लब’ काढला होता. व्हॅन ब्युरेन हरले, अक्षरे मात्र राहिली.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष ॲन्ड्र्यू जॅक्सन यांना ‘ऑल करेक्ट’चे स्पेलिंग येत नसल्याने हा शब्द झाला, हा संदेशातील दुसरा मुद्दा त्याच निवडणुकीतील राजकीय चिखलफेकीतून आला आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. हा शब्द ग्रीक ‘ओला काला’वरून आला असेही सांगतात; त्याचा अर्थ ‘सर्व छान’ असा होतो हे खरे असले, तरी उच्चाराच्या सारखेपणाने नाते सिद्ध होत नाही. चॉक्टॉ या अमेरिकेतील मूलनिवासी भाषेत ‘ओके’सारखा होकारार्थी शब्द आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन तर ‘ओके’ त्यातूनच आला या समजुतीने ‘ओ-के-ई-एच’ असे स्पेलिंग लिहीत. तरीही त्या शब्दापासून बॉस्टनच्या वृत्तपत्रापर्यंत पोहोचणारी लिखित साखळी सापडलेली नाही.

‘खरा अर्थ एकच’ हा संदेशाचा शेवटचा दावाही टिकत नाही. ‘तब्येत ओके आहे’ म्हणजे बरी आहे, ‘चित्रपट ओके होता’ म्हणजे जेमतेम होता, ‘साहेबांचा ओके मिळाला’ म्हणजे मंजुरी मिळाली, आणि वाक्याच्या आरंभीचा ‘ओके’ तर केवळ विषय बदलल्याची सूचना देतो. यांपैकी एकाही अर्थाचा रणांगणाशी संबंध नाही.