पिसवा तीन दिवसांत जात नाहीत, आणि मांजराला तेल चोळू नये

‘घरातील पिसवा तीन दिवसांत कायमच्या घालवा, तेही रासायनिक औषधाविना’ अशा मथळ्याचा एक संदेश ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले काही आठवडे फिरत आहे. कुत्र्या-मांजराच्या मानेवर आणि पाठीवर टी ट्री तेल चोळावे, त्यांच्या जेवणात रोज लसणाच्या दोन पाकळ्या घालाव्यात, फरशी दाट फिनाइलने पुसावी, सतरंजीवर मीठ पसरून गाद्या उन्हात टाकाव्यात, रात्री परातीत साबणाचे पाणी घेऊन मध्ये दिवा ठेवावा, आणि जनावर तीन दिवस बाहेर बांधावे, म्हणजे पिसवाही त्याच्याबरोबर जातात, असे त्यात म्हटले आहे. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण दौलतगंजात राहणाऱ्या माझ्या मावशींनी तो खरा मानला आणि आपल्या मनीच्या पाठीवर ते तेल चोळले.

तेल संध्याकाळी लावले. रात्री नऊच्या सुमारास मनीच्या तोंडातून लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले, आणि ती कपाटाखाली जाऊन थरथरत पडून राहिली. पशुवैद्यांनी तिला भांडी घासायच्या पातळ साबणाने धुतले, उबेत ठेवले, सलाइन लावले, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती नीट चालू लागली. ‘मीच तिला विष चोळले’ हे मावशींचे शब्द मी विसरू शकत नाही, आणि ज्यांनी तो मजकूर न तपासता पुढे पाठवला त्यांनीही ते ऐकावेत असे मला वाटते.

संदेश सांगतो की हे तेल ‘चहाच्या पानांपासून काढलेले, म्हणून निर्धोक’ असते. या तेलाचा आपल्या चहाशी काहीही संबंध नाही. ते मेलाल्यूका नावाच्या ऑस्ट्रेलियातील झाडाच्या पानांतून काढतात, आणि वनस्पतीतून काढलेले सर्व काही निर्धोक असते हे म्हणणे तर धोतऱ्याच्या बिया ओळखणाऱ्या कोणीही मान्य करणार नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेच्या नियतकालिकात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 2002 ते 2012 या काळात पाणी किंवा दुसरे तेल न मिसळलेल्या टी ट्री तेलाची बाधा झालेल्या 443 जनावरांच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यांत 337 कुत्री आणि 106 मांजरे होती. लाळ गळणे, सुस्ती, पायांतील जोर जाणे, तोल जाणे आणि कंप, ही मनीची सगळी लक्षणे त्या अभ्यासात लिहिलेली आहेत. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळाच आहे: यांपैकी 89 टक्के जनावरांना ते तेल चुकून लागलेले नव्हते, माणसांनी जाणूनबुजून दिले किंवा लावले होते.

मांजराच्या बाबतीत धोका अधिक असण्यामागे शरीररचनेचे कारण आहे. आपले यकृत काही पदार्थांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही सोय फार अपुरी आहे, त्यामुळे अशी द्रव्ये त्याच्या अंगात दीर्घकाळ साचून राहतात. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे पाठीवर लावलेले पोटात गेलेच. हेच कारण फिनाइललाही लागू पडते: दाट फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि नंतर पंजे चाटते. एवढे कळल्यावर तो उपायही बाजूला ठेवावा.

लसणाबद्दल थोडक्यात सांगते. कांदा आणि लसूण या दोन्हींमुळे कुत्र्यांच्या आणि त्याहूनही अधिक मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. दोन पाकळ्यांनी मोठे कुत्रे लगेच आजारी पडेल असे नाही, परंतु रोज देत राहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि लसणाने पिसवा दूर राहतात याला भरवशाचा पुरावा नाही.

आता जनावर बाहेर बांधण्याविषयी. पिसू अंडी घालते ती जनावराच्या अंगावरच, दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. पण ती गुळगुळीत असल्याने घरंगळून गोधडीत, सतरंजीखाली आणि फरशीच्या फटींत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात आणि मग स्वतःभोवती कोष विणतात. त्या कोषाला धूळ चिकटते, कीटकनाशक त्याच्या आत सहसा पोहोचत नाही, आणि आतील पिसू आठवडेच्या आठवडे, प्रसंगी काही महिनेही, पावलांचा हादरा, ऊब आणि श्वासाची वाट पाहत राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद ठेवलेले घर उघडताच घोट्यांना चावे बसतात ते यामुळे. डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे पाच टक्केच असतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणून जनावर बाहेर काढले तर घरातील उपाशी पिसवा माणसांना चावतात, एवढाच फरक पडतो; आणि ‘तीन दिवस’ हा आकडा तर या कोषांपुढे टिकूच शकत नाही.

उन्हाच्या उपायात थोडे तथ्य आहे, हे मला नाइलाजाने का होईना मान्य करावे लागते. अळ्यांना दमटपणा लागतो, त्यामुळे ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हात टाकलेल्या गादीत त्या वाळून मरतात; पण पिसवांचा त्रास वाढतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा ते ऊन नसते. मिठावर विसंबू नये. परातीतल्या दिव्याकडे काही पिसवा उडी मारून बुडतात हे खरे आहे, आणि घरात पिसवा आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तो उपाय चांगला आहे, त्या संपवण्यासाठी नाही.

पिसवा जातात त्या कंटाळवाण्या चिकाटीने. घरातील प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला पशुवैद्यांनी वजनाप्रमाणे सांगितलेले औषध निदान तीन महिने न चुकता लावावे, अंथरुणे कडक गरम पाण्यात धुवावीत, फटी आणि कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने रोज साफ करून त्यातील कचरा लगेच घराबाहेर टाकावा, आणि जनावराचे केस बारीक दातांच्या फणीने विंचरावेत. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवल्यास लालसर डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. दुकानदाराने कुत्र्याचे औषध ‘मांजरालाही चालते’ असे सांगितले तरी ते लावू नये, कारण पर्मेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजराचा जीव घेऊ शकते.

ज्यांनी तेल आधीच चोळले असेल त्यांनी लक्षणांची वाट पाहत बसू नये. जनावराला ओकारी काढायला लावू नये. कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या पातळ साबणाने तेल धुऊन काढावे, अंग कोरडे करून टॉवेलात गुंडाळावे, आणि तेलाची बाटली सोबत घेऊन त्याच रात्री पशुवैद्यांकडे जावे.