एसईलिनक्स बंद करण्याआधी ऑडिट लॉग तरी बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, गोकुळ शिरगावमधल्या कारखान्यांचे सर्व्हर बघणाऱ्या मंडळींत एक मेसेज सारखा फिरतो: "लिनक्स टाकला की पहिलं काम, एसईलिनक्स डिसेबल. सर्व्हर स्लो होतो, सॉफ्टवेअर चालत नाही, आणि फायरवॉल असल्यावर गरजच काय?" एसईलिनक्स म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमनं कशाला हात लावायचा हे नियमांनी ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, मधला जरा कमी.

स्लो? अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, फोनवर एसईलिनक्स पूर्ण एनफोर्सिंगमध्ये, म्हणजे नियमाबाहेरचं काम अडवत, चालतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी दिलेले निर्णय कॅशमध्ये ठेवतो, दर वेळी अख्खी पॉलिसी, म्हणजे नियमावली, चाळत नाही. भार शून्य नसतो, पण बिलिंगच्या सर्व्हरवर तो कुणाला जाणवत नाही.

"चालत नाही" ही तक्रार खरी असते, निदान मात्र चुकतं. नेहमीचा प्रकार असा: वेबसाइटच्या फाइली होम फोल्डरमध्ये तयार केल्या आणि 'एमव्ही'नं वेब फोल्डरमध्ये हलवल्या. परमिशन ६४४, मालक बरोबर, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. कारण 'एमव्ही' फाइलीचं जुनं लेबल (एसईलिनक्सची त्या फाइलीवरची खूण) तसंच नेतं आणि होममधल्या लेबलला हात लावायची अपाचेला, म्हणजे वेब सर्व्हरला, मुभा नसते. 'एलएस'ला मोठा झेड लावला की लेबल दिसतं, 'रिस्टोरकॉन' चालवलं की ते दुरुस्त होतं, काम झालं. पीएचपी दुसऱ्या मशिनवरच्या डेटाबेसला जोडत नसेल तर एक बूलियन, म्हणजे पॉलिसीतलं चालू-बंद बटण, चालू करायचं. हे सगळं ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, 'डिनाइड' म्हणून लिहिलेलं असतं. वाचतंय कोण!

आता फायरवॉल. ४४३ पोर्ट तुम्हीच उघडा ठेवलाय, हल्ला तिथूनच येतो. फाउंड्रीच्या गेटवर वॉचमन आहे म्हणून अकाउंटचं कपाट कुणी उघडं टाकत नाही. वेब अ‍ॅपमधल्या भोकातून कुणी आत शिरला, अगदी रूट (सर्वाधिकारी) झाला, तरी ती प्रोसेस अपाचेच्याच डोमेनमध्ये, म्हणजे पॉलिसीनं आखलेल्या कुंपणात, अडकलेली राहते. २०१९ मध्ये कंटेनर (अ‍ॅपसाठीचे वेगळे कप्पे) चालवणाऱ्या रनसीमधल्या त्रुटीमुळे कंटेनरमधून होस्टचा, म्हणजे मूळ मशिनचा, ताबा घेता येत होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर एनफोर्सिंग चालू होतं तिथं तो डाव अडला. अर्थात कर्नलमध्येच भोक असेल तर एसईलिनक्सचा भरवसा धरू नका, कारण ते स्वतः कर्नलमध्येच बसलंय.

कर्नल स्वतः बांधत असाल तर एसईलिनक्ससोबत ऑडिटही चालू ठेवा. उबुंटू, डेबियनवर हेच काम अ‍ॅपआर्मर करतं.

आणि अगदीच अडलं, तर डिसेबल नको, परमिसिव्ह करा, म्हणजे अडवणं बंद, नोंद चालू. तेही जमल्यास फक्त अपाचेच्या डोमेनपुरतं. डिसेबल असताना तयार झालेल्या फाइलींना लेबलच लागत नाही, मग पुन्हा चालू करताना अख्खी डिस्क रिलेबल करत बसावं लागतं.