लेह टूरच्या रिव्ह्यूला उत्तर : उशीर, बॅग आणि आमच्या चुका

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही पैसे वाचवायला स्वस्तातली एअरलाईन घेतली, पुणे-दिल्ली फ्लाइट चार तास लेट झाली, त्यामुळे लेहचं विमान चुकलं, वर आईंची बॅग अडीच दिवस गायब, टूर मॅनेजरचा फोन लागत नाही आणि नुब्रा खोऱ्याच्या पुढचं तुर्तुक गाव टूरमधून कापलं. एक स्टार. बरोबर ना? सगळ्याला एकाच पारड्यात घालता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, फोनवर तुम्ही चिडला होतात आणि मीही नीट बोललो नाही.

आधी आमचं चुकलं ते. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-लेह ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं होती, दोन पीएनआर, म्हणजे दोन बुकिंग नंबर. त्यात माणशी साधारण 2,300 रुपये वाचत होते, ते आम्ही टूरच्या दरात कमी केलेच, खिशात घातले नाहीत, पण याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगितलं नाही. एका पीएनआरवर असतं तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची. वेगळं तिकीट म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले पॅसेंजर. रात्री 10:10 चं विमान 2:20 ला सुटलं, दिल्लीत उतरायला साडेचार, बेल्टवर बॅगा यायला अजून पंचवीस मिनिटं, आणि लेहचं विमान 6:05 ला तेही टर्मिनल 3 वरून, आपण टर्मिनल 1 ला. काउंटर एक तास आधी बंद होतं. अठरा माणसं ट्रॉल्या ढकलत बसच्या लायनीत उभी आहेत हा फोटो मॅनेजरने मला पाठवला तेव्हाच कळलं की गेलं हातातून.

त्या रात्री तुम्हाला लोहगावला एक उपम्याचं पाकीट आणि ज्यूस मिळाला, त्यावर तुम्ही लिहिलंय की ही थट्टा आहे. थट्टाच आहे, पण डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम तेवढाच आहे. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. रात्री 8 ते पहाटे 3 मध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांच्या वर उशीर झाला तर हॉटेल. आपला उशीर चार तास दहा मिनिटं, म्हणजे खाण्यापलीकडे कशातच बसत नाही. म्हणून दिल्ली एअरपोर्टजवळच्या महिपालपूरच्या हॉटेलचं बिल आणि दुसऱ्या दिवशीची लेहची नवी तिकिटं आम्ही भरली, तुमच्याकडून एक रुपया घेतला नाही, हे रिव्ह्यूत यायला हवं होतं असं मला वाटतं, असो.

आता बॅग. तीन बॅगा लेहला आल्याच नाहीत, त्यात आईंची निळी, हँडलला लाल लोकरीचा गोंडा असलेली. काउंटरवाल्याने सांगितलं लोड जास्त झाला म्हणून दिल्लीत उतरवल्या. लेहच्या विमानांना हे होतं, एअरपोर्ट सव्वातीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, हवा विरळ, उकाडा वाढला की विमानाला वजन झेपत नाही. 2024 च्या जुलैत तर उकाड्यामुळे लेहची विमानं रद्द झाली होती. माणसं घ्यायची म्हणून बॅगा मागे ठेवतात, पण त्या ठेवल्या हे आधी सांगायला काय जातं त्यांचं, सगळे बेल्टकडे बघत पाऊण तास उभे!

तुम्ही लिहिलंय की त्याच वेळी मॅनेजर गायब होता. तो त्या काउंटरच्या लायनीत उभा राहून पीआयआर करत होता, म्हणजे बॅग हरवल्याची लेखी नोंद. ती एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी केली नाही तर नंतर कंपनी म्हणते तुमची बॅग हरवली हे आम्हाला कसं कळणार. त्या कागदावर आयएक्सएल (लेह एअरपोर्टचा कोड) ने सुरू होणारा नंबर आहे, तो जपून ठेवा, पुढे कामाला येणार आहे. फोनचं मात्र आमचंच चुकलं. आयटिनररीवर त्याचा प्रीपेड नंबर छापला होता आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. बारा वर्षं टूर काढतोय आणि तरी ही चूक.

आईंच्या बीपीच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या हे वाचून मलाच कसंतरी झालं. गोळ्या, चष्मा, एक स्वेटर हँडबॅगेत ठेवा असं आमच्या पीडीएफमध्ये नवव्या नंबरला लिहिलेलं आहे, पण खरं सांगायचं तर ती पीडीएफ कोणी वाचत नाही, आणि आपल्या माणसांना प्रत्यक्ष सांगितल्याशिवाय होत नाही. पुढच्या ग्रुपला निघताना बसमध्येच सगळ्यांच्या हँडबॅगा उघडायला लावणार आहे. मॅनेजरने सांगलीच्या डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनचा फोटो मागवून लेहच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, मेन बाजारातून थर्मल आणि जर्किन घेतलं, 4,260 रुपयांचं बिल. बॅग 15 जूनला सकाळच्या विमानाने आली तेव्हा ग्रुप नुब्राला निघून गेला होता, म्हणून दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने ती खारदुंगला खिंड पार करून रात्री नुब्रातल्या हुंडरला आणून दिली.

तुर्तुकवर मात्र मी ठाम आहे. एक दिवस कमी झाल्यावर तुम्ही म्हणालात लेहचा आराम कापा आणि लगेच नुब्राला चला. वाटेतली खारदुंगला खिंड 5,359 मीटर उंच आहे. आईंचं वय 68. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं हा नियम मी माझ्या आईसाठीही मोडणार नाही, तुमच्यासाठीही मोडला नाही, राग आला तर येऊ दे. तुर्तुकच्या गाडीचे पैसे मात्र तुम्हाला परत देतोय, ते आम्ही वाचवले, तुमचे आहेत.

आता तुम्ही करायचं ते. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांच्या आत एअरलाईनला लेखी तक्रार जावी लागते, म्हणजे आपल्याकडे 6 जुलैपर्यंत वेळ आहे. देशातल्या प्रवासात बॅगेसाठी माणशी जास्तीत जास्त 20,000 रुपये मिळू शकतात, पण ती कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळत नाहीत, खर्चाची बिलं लागतात. मेडिकलचं आणि जर्किनचं बिल मॅनेजरकडे आहे, बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग तुमच्याकडे असेल, तो छोटा स्टिकर फेकला नसेल अशी आशा. सगळ्याचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मेल आम्ही तयार करून देतो, तुम्ही फक्त तुमच्या नावाने पाठवायचा. पंधरा दिवसांत त्यांनी दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकू. आणि ते 4,260 एअरलाईनने दिले नाहीत तर आम्ही देऊ.

गोंडा ड्रायव्हरच्या गाडीत तुटून पडला होता, त्याने तो डॅशबोर्डवर ठेवला होता, काल कुरिअर केलाय म्हणाला. आईंना सांगा.