बॅटरीवरचा एमएएच बघून ड्रिपिंग करू नका

इंग्लंडमधल्या मराठी पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ड्रिपिंगसाठी बॅटरी कशी निवडाल, कशी सांभाळाल’. ड्रिपिंग हा व्हेपिंगचा, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याचा, एक प्रकार. लेस्टरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला, सोबत नव्या बॅटरीचा फोटो. ‘मामा, ९९०० एमएएच, तीही स्वस्तात!’ त्याने व्हेपिंग सोडावं हे माझं मत त्याला पाठ आहे. पण सुटेपर्यंत त्याचे हात-तोंड शाबूत राहायला हवेत.

मेसेज म्हणतो, एमएएच, म्हणजे बॅटरीची साठवण, जितकं जास्त तितकी बॅटरी दमदार, अँपिअर बघत बसू नका. साफ खोटं. भाच्याची बॅटरी १८६५० मापाची, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेल. एवढ्या जागेत नावाजलेल्या कंपन्यांचे सेलही साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंतच जातात. ज्या सेलवर ९९०० छापलंय, तो नकली आहे हे त्याच्या अंगावरच लिहिलंय! पण त्या आकड्याहून घातक आहे तो अँपिअर न बघण्याचा सल्ला. बॅटरी किती वेळ पुरेल ते एमएएच सांगतं. एका दमात किती करंट सुखरूप देईल ते अँपिअर सांगतात. ड्रिपिंगमध्ये टाकी नसते. कापसावर थेंब टाकायचे, आणि भरपूर वाफ हवी म्हणून कॉइल, म्हणजे तापणारी तार, कमी ओहमची (कमी रोधाची) गुंडाळायची. भाच्याची कॉइल ०.१५ ओहमची आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. करा भागाकार, व्होल्ट भागिले ओहम: २८ अँपिअर. सॅमसंगचा २५आर हा चांगला सेल, पण त्याची सलग मर्यादा २० अँपिअर, म्हणजे इथे तोही नापास. मोलिसेलचा पी२६ए फक्त २६०० एमएएचचा, पण ३५ अँपिअर देतो. बघायचा तो हा सलग करंटचा आकडा. ‘पल्स’ (क्षणभरापुरता) म्हणून छापलेला मोठा आकडा सोडून द्या.

पुढचं वाचून तर डोकंच फिरलं. ‘मेकॅनिकल मॉड सर्वांत सुरक्षित, त्यात सर्किटच नाही तर बिघडणार काय?’ मॉड म्हणजे व्हेपची बॅटरी बसवायची नळी. अहो, सर्किट नाही म्हणजे शॉर्ट झाल्यावर करंट तोडणारं कुणीच नाही. हायब्रिड मॉडमध्ये ॲटमायझर, म्हणजे कॉइल असलेला वरचा भाग, थेट सेलवर टेकतो. त्याची मधली पिन आट्यांच्या पुढे आलेली नसेल, तर आट्यांची कडा थेट सेलच्या प्लसला टेकते. बटण दाबलं की शॉर्ट. सेल गरम होऊन वायू सोडतो, आणि नळीला पुरेशी भोकं नसतील तर नळीच फुटते, तीही तोंडासमोर. फ्लोरिडात २०१८ मध्ये व्हेपच्या स्फोटात एकाचा जीव गेला, टेक्ससमध्ये २०१९ मध्ये दुसऱ्याचा.

‘स्फोट फक्त चार्जिंगला लावल्यावर होतात’ म्हणणाऱ्याने अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा २०१७ चा अहवाल वाचावा. २००९ ते २०१६ मधल्या १९५ घटना त्यांनी बातम्यांमधून गोळा केल्या. चार्जिंगच्या वेळच्या ४८. ओढताना ६०. आणि खिशात ६१!

खिशात का, ते सेल हातात घेतला की कळतं. प्लसच्या टोकाभोवती छोटी चकती असते आणि तिला लागून जी पत्र्याची कडा, ती मायनस. मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर. प्लास्टिकचं आवरण तिथे फाटलं की एक किल्ली पुरते. त्यामुळे ‘फाटलं तर सेलोटेप लावा’ हा सल्लाही कचऱ्यात. नवं आवरण काही पेन्सना मिळतं, हेअर ड्रायरने बसतं. सुटे सेल डबीतच ठेवा.

मेलेला सेल फ्रीजरमध्ये ठेवून जिवंत होत नाही. थंडगार सेल चार्ज केला तर आत लिथियमचा थर साचतो आणि धोका वाढतो. तो रिसायकलिंगला द्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. सॅमसंग, एलजी या कंपन्या स्वतःच सांगतात की आमचे सुटे सेल व्हेपसाठी नाहीत. खरं आहे. पण म्हणून नकली घ्या, हा कुठला न्याय?

आणि ‘भारतात जाताना बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाका’? सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये चालतच नाहीत, ते टोकं झाकून केबिनमध्ये न्यायचे. व्हेप तर नेऊच नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणण्यावरच बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.