बाईंची वॅगनआर आणि लंडनचं ऑडिट

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका गाडीवरनं भांडण झालं. सांगलीला आमच्या घरामागच्या वस्तीत एक बाई बारा-तेरा वर्षं पोरांची अभ्यासिका चालवतात, दहावीला बसवतात, कुणी गुटख्याची पुडी फोडताना दिसला की कानाला धरून आत आणतात. त्यांनी सेकंड हँड वॅगनआर घेतली. झालं. 'समाजसेवा करणाऱ्याला गाडी कशाला', 'देणगीतनंच आली असणार', आणि शेवटी दादाचा मेसेज, खास मला टॅग करून: तुमच्या लंडनमधे असलं खपतं का, तिथं पै-पैचं ऑडिट असतं.

खपतं रे दादा. ऐक आता.

मी राहते त्या कॅम्बरवेलच्या बाजूलाच, रेल्वे पुलाच्या कमानींखाली 1996 मधे एका बाईनं किड्स कंपनी नावाची पोरांसाठीची संस्था सुरू केली. कमिला बातमानगेलिज. जन्म तेहरानचा, शाळेसाठी लहानपणीच इकडे आली, 1979 ला तिकडे क्रांती झाली, वडील तुरुंगात गेले, परत जायला घरच राहिलं नाही. धिप्पाड बाई, आपल्या कोल्हापुरी फेट्यानं लाजावं असलं रंगीबेरंगी डोक्याला गुंडाळायची. तिच्याकडे पोरं आपली आपण यायची, कुणाची चिठ्ठी नको, अपॉइंटमेंट नको. घरात आईला ड्रग्ज, बाप नाही, फ्रिज रिकामा, असली पोरं. जेवण, कपडे, थेरपिस्ट, कोर्टात सोबत जायला माणूस, आणि हो, कधीकधी हातात रोख पैसे पण.

या रोख पैशांवरच पुढे सगळे तुटून पडले. सरकारनं वर्षानुवर्षं मिळून 4 कोटी पौंडांच्या वर पैसा दिला, पंतप्रधान तिच्यासोबत फोटो काढून घ्यायचे, 2013 ला सीबीई हा मानाचा सरकारी किताब दिला. आणि गंगाजळीत काही नाही, आला पैसा की गेला पोरांवर. 2015 च्या जुलैच्या शेवटी अधिकारी नको नको म्हणत असताना मंत्र्यांनी अजून 30 लाख दिले आणि आठवड्याभरात, 5 ऑगस्टला, संस्थेला कुलूप. बघ दादा, हे तुझं ऑडिट. संस्थेत अत्याचार झाल्याचे आरोप झाले, पोलिसांना पुढच्या जानेवारीत गुन्ह्याचा पुरावा मिळाला नाही. 2021 मधे कोर्टानं तिच्यावर आणि ट्रस्टींवर कंपनीचं संचालक व्हायची बंदी घालायला नकार दिला. पण तोवर पेपरवाल्यांनी तिच्या फेट्यापासून सगळं सोलून काढलं होतं. 1 जानेवारी 2024 ला गेली, एकसष्ट वर्षांची.

आता हिशोब नको असं मी म्हणत नाहीये, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधे चुका काढणं हाच माझा धंदा आहे. बिलं थकवायची, टॅक्स थकवायचा आणि वर म्हणायचं पोरं महत्त्वाची, हे चुकलंच तिचं. पण रात्री अकराला दार वाजवणाऱ्या पोराला उद्या फॉर्म भरून ये असं कसं सांगणार? आपल्याकडं सिंधुताईंनी गावोगाव भाषणं करून पोरं जगवली, तेव्हा त्यांच्याकडे कुणी एक्सेल शीट मागितली होती का? आणि आज वॅगनआरचं आरसी बुक मागताय. साडी विटलेली असेल तर माई, गाडी घेतली तर चोर, ही आपली खास सांगली-मिरज पद्धत. (इथल्या पेपरांची पण तीच, पण ते ग्रुपवर कशाला लिहू.)

असं सगळं मोठ्या तोऱ्यात टाइप करून पाठवलं. दादाचं उत्तर एका ओळीचं: तू कधी गेलीस का त्या बाईच्या संस्थेत?

नाही गेले. 2009 ला आले इथे, सहा वर्षं 35 नंबरच्या बसनं त्या पुलाखालून जायचे आणि स्टॉपवर हुडी घातलेली चार पोरं दिसली की पर्स पुढे घ्यायचे. त्या पोरांना नावानिशी ओळखणारी बाई इराणहून आलेली, आणि मी इतक्या वर्षांत फक्त काउन्सिल टॅक्स भरला आणि सांगलीच्या भडंगाची वाट बघितली.

एक गोष्ट ग्रुपवर अजून सांगितली नाहीये. फेब्रुवारीत माझ्या लेकाला पोलिसांनी थांबवलं, चिकन शॉपच्या बाहेर, खिसे तपासले, काही सापडलं नाही. चौदा वर्षांचा आहे, हुडीच घालतो. समोरच्या यूथ क्लबमधली एक मुलगी, पंचविशीची असेल, पळत बाहेर आली आणि सगळं होईपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली, पोलिसाकडून तपासणीचा कागद मागून घेतला आणि मग त्याला स्वतःच्या गाडीतनं घरी आणून सोडलं. असं एकट्या पोराला गाडीत घेणं तिच्या नियमात बसतं का माहीत नाही, बहुतेक नसावं. जुनी फिएस्टा होती, पुढचा बंपर चिकटपट्टीनं धरलेला.

ती दारात उभी होती, बाहेर पाऊस, आत चहाचं आधण उकळत होतं. आईनं अशा माणसाला जेवल्याशिवाय सोडलं नसतं. मी उंबऱ्यातूनच थँक यू म्हणून दार लावलं, तिचं नाव पण विचारलं नाही.