फील्डवर्क म्हणजे नुसती हजेरी नव्हे : एक खुलासा

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारपण किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार; आणि फील्डवर्क म्हणजे ते शिकताना प्रत्यक्ष रुग्णांसोबत होणारं प्रशिक्षण. ‘ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी फील्डवर्कला कोपऱ्यात उभे राहून बघतात आणि सही घेऊन जातात, खरं काम पदवीनंतरच शिकतात,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सुरुवातीचे काही दिवस निरीक्षणाचे असतात, एवढंच त्यात खरं. पण या शाखेच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार फील्डवर्क किमान १००० तासांचं हवं. एवढे तास कुणी केवळ बघण्यासाठी ठेवत नाही.

पक्षाघातानंतर एका हाताची ताकद गेलेल्या माणसाला शर्ट घालायला शिकवायचं आहे, असं समजा. कमजोर हात आधी बाहीत जातो, काढताना तो शेवटी निघतो. हे पुस्तकातही सापडतं. मात्र हा माणूस पलंगाच्या कडेला तोल सांभाळून बसू शकतो का, कमजोर बाजूकडे त्याचं लक्ष जातं का, खांदा दुखतो का, बटणापाशी तो का थांबतो, हे त्याच्यासमोर बसूनच कळतं. मदत नेमकी कुठे थांबवायची, हेही तिथेच. माझ्या मते सगळ्यात अवघड शिक्षण हेच, कारण चटकन पुढे होऊन बटण लावून देण्याचा मोह फार असतो.

विद्यार्थ्यांना रुग्णांवर मोकाट सोडतात, ही उलट भीतीही अनाठायी आहे. जबाबदारी पर्यवेक्षक थेरपिस्टची असते. विद्यार्थ्याला आपल्या प्रत्येक निर्णयाचं कारण त्यांना सांगावं लागतं. आणि रुग्ण विद्यार्थ्याकडून उपचार घ्यायला नकार देऊ शकतो.